गाठीतलं आम्ल पाण्याने धुतलं जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत शरीरातली आम्लता घालवा म्हणजे कॅन्सर जवळ येणार नाही अशा अर्थाचा अर्ध्या पानाचा मजकूर आला होता, खाली कुणाचं नाव नव्हतं आणि मधल्या चौकटीत अल्कलाईन पाण्याच्या मशीनचा फोटो होता. तुमचा पेपर मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हापासून वाचतेय, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी तो सकाळच्या चहाच्या आधी येतो आणि घरातले सगळे त्यात आलेलं खरं मानतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले. थोडं लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगते. बीएस्सी केमिस्ट्री करून नंदेसरीच्या बाजूला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये २९ वर्षं नोकरी केली. माझं मुख्य काम सांडपाण्याचे सॅम्पल तपासायचं, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा पीएच मीटरचा (पीएच म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) इलेक्ट्रोड बुडवायचा, धुवायचा, पुसायचा, परत बुडवायचा. त्यामुळे पीएच हा शब्द कुणी ढोबळपणे वापरला की मला राहवत नाही. आणि दुसरं कारण जास्त जवळचं आहे.

माझ्या धाकट्या जावेला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशन झालं, आणि गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारी होती म्हणून हार्मोन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची रोज एक गोळी सुरू झाली, पाच वर्षं घ्यायची. या गोळीने सांधे दुखतात, तिचे गुडघे आणि बोटं सकाळी उठल्यावर अगदी आखडून जायची, जिना उतरताना रडायची बिचारी. त्यातच त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मशीन विकणाऱ्यांचं एक लेक्चर झालं. तिथे सांगितलं की कॅन्सर आम्लात वाढतो, अल्कलीत मरतो, हे पाणी प्या, लिंबू-सोडा घ्या, बाकी गोळ्या म्हणजे शरीरात आणखी विष. तिने मशीन घेतलं, हप्त्यावर. आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली, चार महिने! तिच्या सुनेला कपाटात भरलेल्या स्ट्रिप्स सापडल्या तेव्हा घरात कळलं. मग तुमची पुरवणी आली, आणि ती मला म्हणते, वहिनी बघा, पेपरात पण तेच लिहिलंय.

म्हणून आधी त्या पाण्याचा हिशोब करते. त्यांचं पाणी पीएच ९ चं. साध्या पाण्याचा पीएच ९ असेल तर एक लिटरमध्ये अल्कली किती असते? ०.०००१ नव्हे, त्याच्याही दहाव्या भागाएवढी, ०.००००१ मोल (मोल हे रसायनातलं मोजमाप). दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे आपल्या जठरातलं आम्ल ताजं सुटतं तेव्हा साधारण ज्या ताकदीचं असतं तेवढं, त्याचं ०.१ मिलीलिटर घातलं की ही सगळी अल्कली खल्लास. ०.१ मिलीलिटर म्हणजे ब्युरेटचे (थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीचे) दोन थेंब, आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस सोडतं. मी भाचीच्या शाळेच्या लॅबमधून ब्युरेट आणली, जावेच्याच मशीनचं पाणी एका ग्लासात घेतलं, त्यात अल्कलीत गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलं, छान फिकट गुलाबी झालं, आणि तिच्यासमोर थेंब थेंब ॲसिड सोडलं. पाच-सहा थेंबांत गुलाबी रंग गेला (पाण्यात क्षार होते म्हणून वरच्या हिशोबापेक्षा जास्त लागले). ती बराच वेळ ग्लासाकडे बघत बसली होती.

आणि समजा थोडी अल्कली जठरातून पुढे गेलीच, तरी रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत धरून ठेवतं. श्वासातून कार्बन डायऑक्साइड जातो, किडनी जास्तीचं आम्ल किंवा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कली, लघवीतून काढते. लघवीचा पीएच खाण्यापिण्याने बदलतो, ते खरं आहे, म्हणून हे विक्रेते लघवीची पट्टी रंग बदलून दाखवतात आणि लोक फसतात. किडनीने आपलं काम केलं एवढंच ती पट्टी सांगते. अजून एक घोटाळा म्हणजे आपण जेवणानंतर छातीत जळजळलं की ॲसिडिटी झाली म्हणतो, ती जठराची. गाठीच्या आम्लतेशी तिचा काही संबंध नाही, पण शब्द एकच असल्यामुळे सगळं एका पिशवीत भरलं जातं.

आता खरी गोष्ट. कॅन्सर आणि आम्ल यांचा संबंध आहे, आणि तो फार विलक्षण आहे, पण तुमच्या पुरवणीत छापला त्याच्या बरोबर उलटा आहे. आम्लामुळे गाठ होत नाही, गाठच आम्ल तयार करते.

जर्मनीतल्या ऑटो वॉरबर्गने १९२० च्या दशकात बघितलं की गाठीच्या पेशी हाताशी ऑक्सिजन असला तरी साखर अर्धवटच जाळतात आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर सोडतात. (वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं. मशीनवाले त्याचं नाव घेऊन सांगतात की त्याने आम्ल हे कॅन्सरचं कारण शोधलं म्हणून नोबेल मिळालं, तसं नाही, ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.) साखरेच्या एका रेणूतून नीट श्वसन झालं तर तीसच्या आसपास एटीपी (पेशीच्या ऊर्जेची नाणी) मिळतात, अर्धवट जाळून फक्त दोन, त्यामुळे गाठ साखर भराभरा ओढते. ज्यांच्या घरी कॅन्सर आलाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पेट स्कॅन बघितलेला असतो, त्यात गाठ चमकते ती ह्याच भुकेमुळे, टोचलेली किरणोत्सारी साखर ती बकाबका घेते.

हे आम्ल आत साठलं तर पेशीच मरेल. म्हणून ती ते बाहेर फेकते, आणि फेकायला तिच्याकडे चांगली तीन-चार प्रकारची यंत्रणा असते. एनएचई१ नावाचं प्रथिन एक सोडियम आत घेऊन एक हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचा कण, बाहेर टाकतं, दुसरं लॅक्टेट आणि आम्ल जोडीने बाहेर नेतं, तिसरं एटीपी खर्चून पंपासारखं चालतं, आणि कार्बोनिक ॲनहायड्रेज ९ पेशीच्या बाहेरच्या अंगाला कार्बन डायऑक्साइडचा हिशोब सांभाळतं. परिणाम काय, तर पेशीच्या आत पीएच ७.२ किंवा त्याच्याही वर, आणि बाहेर ६.५ ते ६.९. निरोगी पेशीत याच्या उलट असतं, आत थोडं आम्ल आणि बाहेर ७.४. माझ्यासारखी सांडपाणी तपासणारी बाई हे वाचून थक्क झाली, कारण हा तर कारखानाच झाला, स्वतःचं आवार स्वच्छ ठेवायचं आणि सगळं शेजाऱ्याच्या नाल्यात सोडायचं. ७.४ आणि ६.७ मधला फरक कागदावर छोटा दिसतो, पण पीएच हा लॉगचा आकडा आहे, एक अंक उतरला की आम्ल दहा पट, म्हणून इथे हायड्रोजन आयन पाच पट होतात. त्यात शेजारच्या चांगल्या पेशी मरतात, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी सुस्त पडतात, आणि डॉक्सोरुबिसिनसारखं किमोचं औषध, जे स्वतः सौम्य अल्कली आहे, त्याला बाहेरच चार्ज चिकटतो आणि ते पेशीच्या आत कमी शिरतं.

मग कॅन्सरची पेशी स्वतः त्या आम्लात का मरत नाही? इथून पुढची गोष्ट आयन चॅनेलची आहे, आणि माझ्या मते पुरवणीत अर्धं पान द्यायचंच होतं तर ते हिला द्यायला हवं होतं.

पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांच्या झडपा असतात, त्यांनाच आयन चॅनेल म्हणतात, त्यातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड ये-जा करतात. एका एका झडपेतून जाणारा करंट मोजायची पद्धत नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी काढली, १९९१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. यातल्या काही झडपा आम्लाने उघडतात. आपल्या बडोद्याच्या सेव उसळीचंच उदाहरण घ्या ना, लारीवर उभं राहून गरमागरम उसळ, वरून तिखट तरी, त्यावर लिंबू पिळलेलं. जिभेची आग आग होते ती टीआरपीव्ही१ नावाच्या चॅनेलमुळे, डेव्हिड ज्युलियसच्या टीमने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने तो उघडतो, ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेने उघडतो आणि आम्लानेही उघडतो, म्हणजे उसळीत एका दाराला तीन किल्ल्या एकदम लागतात. माझे सासरे प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, शेवटी हाडात उतरला होता, रात्र रात्र कण्हायचे. हाड पोखरणाऱ्या पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात, त्यात गाठीच्या आम्लाची भर, आणि तिथल्या मज्जातंतूंवर हाच टीआरपीव्ही१ आणि त्याच्यासारखे एसिक नावाचे आम्ल ओळखणारे चॅनेल असतात. तेव्हा हे माहीत असतं तर दुखणं कमी झालं नसतं, पण त्यांना "जरा सोसा, बाबा" असं मी म्हणाले नसते.

आता मरणाबद्दल. पेशीचं शिस्तीतलं मरण असतं, त्याला १९७२ मध्ये ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं, ग्रीक शब्द, अर्थ पानं गळणं, आपण पानगळ म्हणू. अशी पेशी मरताना आधी आकसते. पोटॅशियम बाहेर जातं, क्लोराइड बाहेर जातं, त्यांच्यामागे पाणी जातं, कोशिंबिरीसाठी काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं त्याच जातीचा प्रकार. पेशीच्या आत पोटॅशियम १४० मिलीमोलरच्या (द्रावण किती दाट ते सांगणारं माप) आसपास असतं, बाहेर फक्त ४-५. प्रयोगांत दिसलं की आतलं पोटॅशियम भरपूर असेपर्यंत कॅस्पेज नावाची कातरणारी एन्झाइम्स दबून राहतात, ते कमी झालं की सुटतात. आणि आतला पीएच थोडा आम्लाकडे झुकला तर ही कातरणी जास्त सहज सुरू होते. म्हणजे बघा, जी गाठ बाहेर आम्ल ओतते तिला आत आम्ल होऊ द्यायची भीती आहे, कारण आतलं आम्ल तिच्या पानगळीची वेळ जवळ आणतं! म्हणून ते एनएचई१ इतकं जोरात चालतं. आणि म्हणून शास्त्रज्ञ हे बाहेर फेकणारे पंप बंद करायच्या मागे आहेत, त्यात आपल्या ओळखीची औषधंसुद्धा तपासून झाली, लघवी होण्यासाठी देतात ते अमिलोराइड, पित्तासाठी देतात त्या पँटोप्राझोलच्या घराण्यातली.

२०१९ मध्ये आणखी एक चॅनेल हाती लागला, पॅक म्हणतात, आम्लाने उघडणारी क्लोराइडची झडप. बाल्टिमोर आणि बर्लिन इथल्या दोन लॅबनी एकाच वर्षी त्याचं जनुक शोधलं. ते जनुक काढून टाकलं तर पेशी तीव्र आम्लात कमी मरतात. पण इथे माझ्यातली लॅबवाली जागी होते, हा चॅनेल शरीराच्या तापमानाला पीएच ६ च्या आसपास आणि त्याखाली नीट उघडतो, आणि गाठीच्या बाहेर बहुतेक वेळा ६.५ च्या वरच असतं. म्हणजे गाठ स्वतःला मारणाऱ्या झडपेच्या अलीकडेच थांबते. शेजाऱ्याला मारण्याइतकं आम्ल, पण स्वतः मरण्याइतकं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि या सगळ्या झडपांवर हार्मोनचा हात असतो. इन्सुलिन हे हार्मोन एनएचई१ ला चालना देतं. इस्ट्रोजेन सरळ पोटॅशियमच्या एका मोठ्या चॅनेलला चिकटून तो उघडतं हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. टीआरपीएम८ म्हणून एक चॅनेल आहे, पुदिन्याचा गारवा जिभेला जाणवतो तो त्याच्यामुळे, आणि तो आधी सापडला कुठे तर प्रोस्टेटमध्ये, जिथे थंडी कधीच पोचत नाही! तिथे तो पुरुष हार्मोनच्या तालावर चालतो, हार्मोन कमी केलं की तो पण कमी होतो, आणि लॅबमधल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींमध्ये तो बंद पाडला तर पेशींचा कॅल्शियमचा तोल जाऊन त्या मरतात. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये डेक्सामेथासोन देतात, ते कॉर्टिसोल या हार्मोनच्या जातीचं, त्याने रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी पानगळीच्या वाटेला लागतात, पोटॅशियम गमावत आकसतात. आणि जावेच्या गाठीसारख्या हार्मोन पॉझिटिव्ह पेशींमध्ये इस्ट्रोजेन बीसीएल-२ नावाचं प्रथिन वाढवतं, ते पेशीला मरू देत नाही. त्या आम्लाच्या चिखलात पाय रोवून उभं राहायचं बळ तिला इथून मिळतं.

यातलं बरंचसं काम अजून पेशींवर आणि उंदरांवरचं आहे, चॅनेल बंद करणारी गोळी कॅन्सरसाठी उद्या औषधाच्या दुकानात मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही. पण हार्मोनची बाजू जुनी आणि पक्की आहे. ग्लासगोच्या डॉक्टर बीटसनने १८९६ मध्ये अंडाशय काढून स्तनाचा कॅन्सर आटोक्यात आलेला दाखवला, तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दसुद्धा नव्हता. चार्ल्स हगिन्सने प्रोस्टेटसाठी पुरुष हार्मोन कमी केलं, १९६६ चं नोबेल त्याला मिळालं, माझ्या सासऱ्यांना जी इंजेक्शनं मिळाली आणि जी चार वर्षं मिळाली ती त्याच वाटेवरची. टॅमॉक्सिफेन आधी गर्भनिरोधक म्हणून बघितलं जात होतं, १९७७ मध्ये अमेरिकेत कॅन्सरसाठी मंजूर झालं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन चरबीत वगैरे अरोमाटेज या एन्झाइमने तयार होतं, लेट्रोझोल ते एन्झाइम अडवतं. म्हणून ती छोटीशी पिवळी गोळी. गुडघे दुखतात म्हणून ती बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचं असतं, ते दुसरी बदलून देतात, व्यायाम सांगतात, जावेला बदलून दिलीच. चार महिन्यांचा खंड पडला, आता पुन्हा नियमित आहे, तपासण्या चालू आहेत.

मशीनवाले एक खरा प्रयोग दाखवतात, त्याबद्दल पण लिहिते कारण अर्धं खरं जास्त घातक. २००९ मध्ये उंदरांना पाण्यातून खायचा सोडा दिला तेव्हा गाठीच्या बाहेरचं आम्ल कमी झालं आणि कॅन्सर कमी पसरला. खरं आहे. पण मूळ गाठ त्याने लहान झाली नाही, आणि सोडा किती होता? २०० मिलीमोलर, म्हणजे लिटरला जवळपास १७ ग्रॅम. माणसाने तसं दोन लिटर पाणी प्यायलं तर ३४ ग्रॅम सोडा, त्यात नऊ ग्रॅमच्या वर सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दोन ग्रॅमच्या आत रहा म्हणते. बीपी, किडनी, हृदय यांचा त्रास असलेल्या माणसाला हे सरळ हॉस्पिटलात नेईल. आणि हो, त्या मशीनमधून सोडा येत पण नाही, येतं ते दोन थेंबांचं पाणी.

संपादक महोदय, हे सगळं मराठीत लिहिता येतं. याच गावात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिथे होते, रंगाचं रसायन आपल्या भाषेत शिकवायचा त्यांचा आग्रह होता. आणि आज त्याच बडोद्यात माझ्या जावेला तिच्या गोळीबद्दल मराठीत वाचायला मिळालं ते काय, तर मशीन विकणाऱ्याने छापलेलं पत्रक. डॉक्टर दहा मिनिटांत बोलतात, इंग्रजी-गुजराती मिसळून, तिला भीती असते, विचारत नाही. पेपर मात्र ती दुपारी परत परत वाचते. माझी मागणी दोनच, त्या मजकुराचा खुलासा त्याच पुरवणीत त्याच जागी छापा, आणि आरोग्याच्या मजकुरात जाहिरात कुठली आणि लेख कुठला ते वाचकाला दिसेल असं ठेवा. कुणी कॅन्सरचे डॉक्टर मराठीत लिहायला तयार असतील तर त्यांना महिन्यातून एकदा जागा द्या, आकडे तपासून द्यायचं, टाइप करायचं काम मी करीन, रिटायर आहे, वेळ आहे.

जागेअभावी पत्र कापावं लागेल हे मला माहीत आहे. तसं झालं तर वॉरबर्ग काढा, पॅक काढा, सेव उसळ पण काढा, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही ही ओळ आणि ब्युरेटचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदे